राज्यपाल वसंतदादा पाटील : लोकसेवा, धोरणे आणि आपले कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात कोल्हापूर येथे दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी या वर्षीच्या मेळाव्यात एखाद्या राज्यपालाच्या लोकसेवेविषयी चार शब्द सांगावे, अशी आज्ञा आम्हांस केली. राज्यपाल म्हटले की सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढे राजभवनाची हिरवळ, शिपायांचे लाल पट्टे आणि पदवीदान समारंभातील झगा एवढेच उभे राहते. असा विषय आपल्या मेळाव्यास काय कामाचा, अशी शंका कोणास येणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्या शेजारच्या सांगलीचे, कृष्णाकाठच्या पद्माळे गावचे एक शेतकरी गृहस्थ सन १९८५ ते १९८७ या काळात राजस्थानचे राज्यपाल होते, हे ध्यानात आणले म्हणजे विषय एकदम आपल्या अंगणात येतो. ते गृहस्थ म्हणजे कै. वसंतराव बंडूजी पाटील, अर्थात आपणां सर्वांचे वसंतदादा. ते आपल्या ज्ञातीचे होते की नव्हते हा प्रश्न येथे उपस्थित होत नाही. ज्याने पाणी आणि विद्या यांची वाट मोकळी करण्यासाठी आयुष्य वेचले, तो सर्वच ज्ञातींचा असतो.

प्रथम राज्यपाल या पदाचा थोडक्यात विचार करू. आपल्या राज्यघटनेच्या १५३ व्या अनुच्छेदाने प्रत्येक राज्यास राज्यपाल दिला आहे. राज्याचा सर्व कारभार त्याच्या नावाने चालतो. परंतु १६३ व्या अनुच्छेदाप्रमाणे त्याने सामान्यतः मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागावयाचे असते. विधिमंडळाचे अधिवेशन चालू नसता तातडीचा प्रसंग आला, तर २१३ व्या अनुच्छेदाप्रमाणे तो अध्यादेश काढू शकतो. पदग्रहण करताना तो जी शपथ घेतो, तीत घटनेचे रक्षण करण्याबरोबरच त्या राज्याच्या जनतेची सेवा व कल्याण यांस वाहून घेण्याचेही वचन असते. म्हणजे मान मोठा, जबाबदारी मोठी, आणि स्वतःच्या हाताने करावयाचे काम मात्र मोजके, असे हे पद आहे. यास्तव एखाद्या राज्यपालाची योग्यता ठरविताना केवळ राजभवनातील दिवस मोजून भागत नाही. तो तेथे पोचण्यापूर्वी कोणती शिदोरी घेऊन गेला, हे पाहावे लागते.

दादांची शिदोरी कोणती होती? त्यांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी झाला. समजू लागण्यापूर्वीच आईबापांचे छत्र हरपले आणि आजीने त्यांस वाढविले. शाळेतील शिक्षण मराठी सातवीच्या पलीकडे गेले नाही. आम्ही स्वतः जन्मभर मराठी शाळेत मास्तरकी केली आणि मॅट्रिकच्या पुढची पायरी आम्हीही चढलो नाही. त्यामुळे सातवीवर शाळा सुटलेल्या मुलाची वाट कशी असते, हे आम्ही जवळून पाहिले आहे. बहुतेकांच्या वाट्यास विळा नाही तर हमाली येते. दादांच्या वाट्यास स्वातंत्र्याची चळवळ आली. सन १९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत झाले, पकडले गेले आणि सांगलीच्या किल्ल्यातील तुरुंगात जाऊन पडले. २४ जुलै १९४३ रोजी भर पावसाळ्यात, कृष्णेला पाणी चढलेले असता, सोबत्यांसह पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावून त्यांनी तटावरून खंदकात उडी घेतली. पाठलागात अण्णासाहेब पत्रावळे व बाबूराव जाधव हे दोन तरुण हुतात्मे झाले. दादांच्या खांद्यास गोळी लागली आणि ते पुन्हा पकडले गेले. १९४६ साली त्यांची सुटका झाली.

अशा पराक्रमावर पुढील सारे आयुष्य पोवाडे ऐकत काढणारे लोक आपण पाहतो. दादांनी ते केले नाही. १९५२ साली ते सांगलीतून विधानसभेवर निवडून आले आणि शेतकऱ्यांच्या सहकाराच्या कामास लागले. सांगलीचा शेतकरी सहकारी साखर कारखाना हे त्या कामाचे मोठे फळ. ऊस पिकविणारा तोच कारखान्याचा भागधारक, ही कल्पना आज आपणांस जुनी वाटते. परंतु ज्या काळी गुळाचा भाव अडत्याच्या रुमालाखालील बोटांवर ठरत असे, त्या काळी ती नवीन होती. कोल्हापूरच्या गूळबाजाराशी ज्यांच्या वाडवडिलांचा संबंध आला, त्यांस याचा अर्थ अधिक विस्ताराने सांगावयास नको. १९६७ साली भारत सरकारने दादांस पद्मभूषण दिले. पुण्याजवळ मांजरी येथे ऊससंशोधनाची जी संस्था १९७५ साली निघाली, तीस पुढे त्यांचेच नाव देण्यात आले.

आता त्यांच्या धोरणांकडे वळू. दादा १९७२ साली पाटबंधारे व वीज खात्याचे मंत्री झाले, १९७७ साली प्रथम मुख्यमंत्री झाले, आणि १९८३ साली ते पद पुन्हा त्यांच्याकडे आले. या सर्व काळात दोन गोष्टींवर त्यांची नजर खिळलेली दिसते. पहिली पाणी आणि दुसरी शिक्षण.

पाण्याविषयी प्रथम सांगतो. १९७२ च्या भयंकर दुष्काळात ज्याच्या हाती पाटबंधारे खाते आले, त्यास पाण्याचे मोल पुस्तकातून शिकावे लागले नाही. मोठी धरणे हवीत हे तर त्यांस मान्य होतेच. परंतु डोंगरउतारावर पडलेला थेंब ओढ्याला मिळण्यापूर्वीच बांधबंदिस्तीने अडवावा आणि जमिनीत मुरवावा, या विचारावर त्यांनी भर दिला. १९८३ साली महाराष्ट्र सरकारने पाणलोट क्षेत्र विकासाचा सर्वंकष कार्यक्रम हाती घेतला. 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ही घोषणा त्याच काळापासून दादांच्या नावाशी जोडली गेली आहे. त्याच वर्षी राज्याच्या निरनिराळ्या भागांतील विकासाची विषमता मोजण्याकरिता प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली आणि १९८४ साली तिचा अहवाल आला. कृष्णाकाठच्या माणसाने विदर्भ-मराठवाड्याचे मागासलेपण मोजावयास समिती नेमावी, ही गोष्ट मनाच्या मोठेपणाची होय.

येथे एक मुद्दा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. धरण सरकार बांधू शकते. पण पाणी अडविण्याचे लहान काम गावाने हात लावल्यावाचून टिकत नाही. आपल्या जिल्ह्यातील कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पाहा. बंधारा सरकारी खर्चाने बांधला, तरी पावसाळा सरताच फळ्या वेळेवर घातल्या नाहीत, तर पाणी कर्नाटकास वाहून जाते आणि बंधारा नुसता पुलासारखा उभा राहतो. सरकारने वाट करून द्यावी आणि समाजाने तिच्यावरून चालावे, ही जी जोडी आहे, तीच आजच्या आमच्या भाषणाचे सूत्र आहे.

दुसरी गोष्ट शिक्षणाची. १९८३ पूर्वी आपल्याकडील मुलास अभियांत्रिकी शिकावयाची म्हटल्यास सांगलीचे वालचंद महाविद्यालय, कराडचे सरकारी महाविद्यालय अशी मोजकी स्थाने होती. तेथे जागा न मिळाल्यास ज्यांच्या घरी पैसा, ते देणगी भरून कर्नाटकात जात, आणि ज्यांच्या घरी पैसा नाही, ते घरी बसत. दादांच्या सरकारने १९८३ साली विनाअनुदान तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास परवानगी दिली. त्यानंतर आपल्याच परिसरात ही महाविद्यालये कशी उभी राहिली, ते आपण पाहिलेच. १९८३ साली कोल्हापूरचे के. आय. टी., इस्लामपूरजवळ साखराळे येथील राजारामबापू संस्था, बुधगाव येथील दादांच्याच नावाची संस्था, आणि १९८४ साली कसबा बावड्याचे डी. वाय. पाटील महाविद्यालय, अशी ही मालिका झाली. ज्याने सातवीपलीकडे शाळा पाहिली नाही, त्याच्या निर्णयाने हजारो शेतकऱ्यांची मुले अभियंते झाली. आज पुण्यात, बंगळुरात आणि परदेशांत जी आपली मुले कामावर आहेत, त्यांतील कित्येकांचे पाऊल या दारातूनच बाहेर पडले.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर हे भाषण केवळ स्तुतिपाठ होईल. दार उघडले, पण दारावर नाकेही बसले. देणगीच्या नावाखाली मोठमोठ्या रकमा घेतल्या जाऊ लागल्या. अखेर १९८७ साली महाराष्ट्रात अशा प्रवेशदेणगीस मनाई करणारा कायदा करावा लागला. १९९२ साली मोहिनी जैन यांच्या खटल्यात आणि १९९३ साली उन्नीकृष्णन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासही या प्रश्नात लक्ष घालावे लागले. कायद्याने देणगीस बंदी झाली. पण शुल्क राहिलेच, आणि ते वाढतच गेले.

आमच्या वर्गातून गेलेला एक विद्यार्थी आम्हांस आठवतो. गणितात त्याचा हात धरणारा दुसरा नव्हता. त्यास अभियांत्रिकीला जागा मिळाली. पहिल्या वर्षाच्या शुल्कासाठी बापाने दुभती म्हैस विकली. दुसऱ्या वर्षी शुल्क तेवढेच होते, पण गोठ्यात म्हैस नव्हती. मुलगा शिक्षण अर्धे टाकून एका कारखान्यात रोजंदारीवर लागला. यात कोण्या एका संस्थेस बोल लावण्याचा आमचा हेतू नाही. आता राजर्षी छत्रपती शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे, इतरही सवलती आहेत. परंतु दाखला, उत्पन्नाचा पुरावा, ऑनलाईन अर्ज, मुदत या वळणांवर खेड्यातील बाप आजही अडखळतो, आणि शुल्काखेरीज खोलीचे भाडे व खाणावळ यांचा खर्च राहतोच. सरकारने काढलेल्या वाटेवर शेवटची दोन पावले चालविण्याकरिता मुलाच्या पाठीशी कोणीतरी उभे राहावे लागते. ते काम ज्ञातिसंस्थेचे होय.

कोल्हापूरला हे शिकवावयास नको. या नगरीस वसतिगृहांची जननी म्हणतात. १९०१ साली राजर्षी शाहू छत्रपतींनी मराठा वसतिगृह काढले आणि त्यामागोमाग जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहिली. महाराजांनी जागा दिली, देणगी दिली. परंतु संस्था चालविण्याची जबाबदारी त्या त्या समाजाच्या अंगावर टाकली. १९१७ साली, म्हणजे दादांचा जन्म झाला त्याच वर्षी, करवीर राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा कायदा झाला. मुलास शाळेत न धाडणाऱ्या बापास महिना १ रुपया दंड ठेवण्यात आला होता. त्याच वर्षी विधवाविवाहास मान्यता देऊन त्याच्या नोंदणीचा कायदाही महाराजांनी केला. या दुसऱ्या कायद्याची आठवण आम्ही मुद्दाम केली आहे. तिचे कारण आता दादांच्या राजभवनातील काळाकडे वळल्यावर कळेल.

जून १९८५ मध्ये दादांनी मुख्यमंत्रिपद सोडले आणि २० नोव्हेंबर १९८५ रोजी जयपूर येथे राजस्थानच्या राज्यपालपदाची सूत्रे हाती घेतली. मुख्यमंत्री श्री. हरिदेव जोशी होते. कारभार मंत्रिमंडळाचा होता. त्याचे श्रेय राज्यपालांस देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. परंतु योगायोग असा की, दादांच्या जिव्हाळ्याचे दोन्ही विषय तेथेही त्यांच्यासमोर उभे होते. ती राजस्थानातील सलग अवर्षणाची वर्षे होती. त्याच काळात, १९८७ च्या आरंभी, इंदिरा गांधी कालव्याच्या ४४५ किलोमीटर लांबीच्या मुख्य कालव्याचे पाणी थेट थरच्या वाळवंटातील शेवटच्या टोकास पोचले. पंजाबातील नद्यांचे पाणी जैसलमेरच्या वाळूत खेळलेले पाहणे कृष्णाकाठच्या माणसास किती मोलाचे वाटले असेल, याची कल्पना आपण करू शकतो. आणि राज्यपाल या नात्याने ते त्या राज्यातील विद्यापीठांचे कुलपतीही होते. ज्याच्या हाती पदवी नाही, त्याच्या नावाने पदव्या दिल्या जाव्यात, यात लोकशाहीचे सामर्थ्य आहे. मास्तर म्हणून आम्हांस त्याचा संकोच वाटत नाही, उलट अभिमान वाटतो.

परंतु त्या काळातील सर्वांत कठोर प्रसंग निराळाच होता. ४ सप्टेंबर १९८७ रोजी सीकर जिल्ह्यातील देवराला गावी रूपकंवर नावाची अवघी १८ वर्षांची विवाहिता पतीच्या चितेवर जळून मेली. सतीची चाल लॉर्ड बेंटिंकने १८२९ साली कायद्याने बंद केली होती. त्या गोष्टीस दीडशेहून अधिक वर्षे लोटल्यावर, रेल्वे आणि रेडिओ गावोगाव पोचल्यावर, स्वतंत्र भारतात हे घडले. इतकेच नव्हे, तर उच्च न्यायालयाने मनाई केली असताही १६ सप्टेंबर रोजी तेथे चुनरीचा सोहळा झाला आणि लाखो लोक जमले. सारा देश हादरला. शेवटी १ ऑक्टोबर १९८७ रोजी राजस्थानात राज्यपालांच्या नावाने सतीप्रतिबंधक अध्यादेश निघाला. त्या वेळी राज्यपालपदी वसंतदादा होते. पुढे या अध्यादेशाचे राज्याच्या कायद्यात रूपांतर झाले. त्यापाठोपाठ संसदेनेही सर्व देशासाठी कायदा केला. त्याने सतीचे उदात्तीकरण करणाऱ्यास १ ते ७ वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा ठेविली. अध्यादेशानंतर दोनच आठवड्यांनी, १५ ऑक्टोबर १९८७ रोजी, दादांचा राज्यपालपदाचा काळ संपला आणि ते महाराष्ट्रात परतले. १ मार्च १९८९ रोजी त्यांचे देहावसान झाले.

कायदा झाला, पुढे काय झाले? खुनाच्या खटल्यातील आरोपी १९९६ साली निर्दोष सुटले. उदात्तीकरणाच्या खटल्यांतीलही आरोपी सुटत गेले. शेवटचे आठजण ऑक्टोबर २०२४ मध्ये, म्हणजे ३७ वर्षांनी, सुटले. ज्या गावाने पाहिले, त्या गावाने साक्ष दिली नाही, तर न्यायालय तरी काय करणार? राज्यपालाच्या नावाने कायदा होऊ शकतो, पण साक्षीदाराची जीभ त्याने सैल होत नाही. तेथे समाजाचे मन बदलावे लागते.

राजस्थानची गोष्ट ऐकून आपण सुस्कारा टाकू नये. आपल्याकडे चिता पेटत नाही हे खरे. पण नवऱ्याच्या प्रेताशेजारीच बायकोचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे हे आपल्या गल्लीत होत नाही काय? हळदीकुंकवास तिला बोलावणे नाही, लेकीच्या लग्नात अक्षता टाकावयास ती पुढे नाही, वास्तुशांतीस ती मागल्या खोलीत. ज्या माउलीने मजुरी करून मुलास शिकविले, तिनेच त्याच्या लग्नात भिंतीशी उभे राहावे, ही रीत कोणत्या धर्मात बसते? पतीचे मरण हा तिचा अपराध नव्हे. तिच्या दुःखावर अपमानाचा डाग देण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

या बाबतीत आपल्याच जिल्ह्याने देशास वाट दाखविली आहे. शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये, शाहू छत्रपतींच्या स्मृतिशताब्दीच्या सुमारास, विधवाप्रथा बंद करण्याचा ठराव ग्रामसभेत केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा असे आवाहन केले. यातील क्रम ध्यानात घ्या. देवराला येथे कायदा वरून आला आणि गाव मागे राहिले. हेरवाड येथे गाव पुढे झाले आणि सरकार त्याच्या मागून आले. दुसरा मार्ग अधिक टिकाऊ आहे, असे आमचे मत आहे.

बंधुभगिनींनो, विस्तारभयास्तव आता आवरते घेतो. थोर माणसाचे चरित्र ऐकून टाळ्या वाजविल्या म्हणजे आपले काम झाले असे नाही. यास्तव मंडळापुढे दोन सूचना नम्रपणे ठेवतो. पहिली अशी की, मंडळाच्या विद्यार्थी साहाय्य निधीतून केवळ गुणवंतांचे सत्कार न करता, दुसऱ्या व तिसऱ्या वर्षात शुल्कासाठी अडलेल्या मुलामुलींस बिनव्याजी कर्ज द्यावे. तसेच शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देण्यास आपल्यातील शिकलेल्या तरुणांनी जून ते ऑगस्ट दर रविवारी मंडळाच्या जागेत बसावे. नारळ आणि शाल यांचा खर्च निम्मा केला, तरी यांतील पुष्कळ काम होईल.

दुसरी सूचना अशी की, आपल्या ज्ञातीत कोठेही मृत्यूच्या प्रसंगी कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे इत्यादी प्रकार होऊ नयेत, असा ठराव याच मेळाव्यात संमत करावा, आणि पुढील वर्षी हळदीकुंकवाच्या समारंभात पहिले कुंकू आपल्यातील एखाद्या विधवा भगिनीस लावावे. ठराव पुरुषांनी मांडावा हे ठीक. पण त्यावर प्रथम मत भगिनींचे घ्यावे. घरात ही रीत चालू ठेवण्याचा आग्रह पुष्कळदा वडील बायकाच धरतात असे सांगण्यात येते. त्या मनाने तसे इच्छितात की लोक काय म्हणतील या भयाने, हे त्यांनाच विचारले पाहिजे.

वसंतदादांस राजभवनाने मोठे केले नाही. पाण्याची, शाळेची आणि माणुसकीची कामे त्यांनी आयुष्यभर जवळ केली, म्हणून राजभवनातही ते शोभले. त्यांनी व त्यांच्या पूर्वी शाहू छत्रपतींनी आपल्यासाठी दारे उघडली. त्या दारांतून आपली मुले आणि आपल्या विधवा भगिनी ताठ मानेने आत जाव्यात, एवढे काम आपल्यावर राहिले आहे, आणि ते करणे आपल्या शक्तीबाहेरचे नाही.



जय हिंद, जय महाराष्ट्र.